नकाशाबाहेरची गावे

गावाचे नाव नुसते उच्चारले तरी अंगावर काटा यावा, असे सामर्थ्य एखाद्या शब्दात असू शकते काय? नारायण धारपांच्या कथांमुळे मला भयकथेची गोडी लागली. पण हा प्रश्न पडला तो हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाला वाचताना. आर्कहॅम, किंग्जपोर्ट, डनिच, इन्समथ ही त्याची गावे. ती त्याने मॅसॅच्युसेट्स राज्यात वसवली, पण त्या राज्याच्या नकाशात ती शोधून सापडत नाहीत.

लव्हक्राफ्टचा जन्म २० ऑगस्ट १८९० रोजी ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरी झाला. प्रॉव्हिडन्स म्हणजे ईश्वरी कृपा. धर्ममतांपायी हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने १६३६ साली हे गाव वसवून कृतज्ञतेने ते नाव ठेवले. लव्हक्राफ्टच्या वाट्याला मात्र ही कृपा फारशी आली नाही. तो तीन वर्षांचाही नव्हता, तोच वडिलांना वेड लागले. १८९८ साली ते मनोरुग्णालयातच वारले. १९०४ साली आजोबा गेले आणि राहते मोठे घर सोडावे लागले. शिक्षण अर्धवट सुटले. १९१९ साली आईलाही त्याच रुग्णालयात ठेवावे लागले आणि १९२१ साली तिचाही तेथेच अंत झाला.

ज्याचे घर असे डोळ्यांदेखत उजाडले, त्याने कागदावर गावे वसवली यात नवल ते काय? १९२० पासून आर्कहॅमचे नाव त्याच्या लेखनात येऊ लागले. १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी देणारे सालेम हा त्याचा मूळ नमुना. आर्कहॅमच्या रस्त्यांचा नकाशाही लव्हक्राफ्टने स्वतः काढला होता. गंमत अशी, की ही नावे मुळात साधीच आहेत. 'हॅम' म्हणजे आपल्या 'वाडी'सारखी वस्ती, 'मथ' म्हणजे नदीचे मुख. डनिच तर इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावर खरोखरच आहे. मध्ययुगातील ते भरभराटीचे बंदर वादळांनी आणि समुद्राने हळूहळू गिळून टाकले. ओळखीच्या शब्दामागे काहीतरी कुजते आहे, ही जाणीवच वाचकाला घाबरवते.

१९२४ साली सोनिया ग्रीनशी विवाह करून तो न्यूयॉर्कला गेला. तेथे नोकरी मिळेना, करमेना. परदेशांतून आलेल्या माणसांविषयी त्याच्या मनात पूर्वीपासूनच तिरस्कार होता. तेथे तो अधिकच उफाळला. वस्तुतः त्याची पत्नीच स्थलांतरित ज्यू होती! १९२६ साली तो एकटाच प्रॉव्हिडन्सला परतला. त्याचा हा वंशद्वेष मला क्षम्य वाटत नाही आणि त्याकडे डोळेझाक करून त्याच्या कथा वाचणेही मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

कारण १९३१ साली लिहिलेल्या इन्समथच्या कथेत हाच द्वेष आहे. गावकऱ्यांचे रक्त समुद्रातील प्राण्यांशी मिसळले आहे, हीच तेथली भीती. पण कथेच्या शेवटी निवेदकाला कळते, की तेच रक्त आपल्याही अंगात आहे. ज्या परक्याला तो भ्याला, तो त्याच्याच घरात निघाला. आईवडिलांची अवस्था पाहिलेल्या लव्हक्राफ्टने येथे नकळत स्वतःचीच भीती सांगितली, असे मला वाटते.

त्याच्या हयातीत पुस्तकरूपाने निघाली ती ही एकच कथा, १९३६ साली. तीही मुद्रणदोषांनी भरलेली. १५ मार्च १९३७ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दारिद्र्यात आणि आतड्याच्या कर्करोगाने तो गेला. १९३९ साली ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री या त्याच्या चाहत्यांनी त्याच्या कथा छापण्यासाठी प्रकाशनसंस्था काढली आणि तिला नाव दिले आर्कहॅम हाउस. पुढे बॅटमनच्या चित्रकथांतील वेड्यांच्या इस्पितळालाही आर्कहॅमचेच नाव मिळाले. ज्यांनी लव्हक्राफ्टची एक ओळही वाचलेली नाही, अशा कितीतरी मुलांना आज हे नाव ठाऊक आहे. आईवडील दोघेही मनोरुग्णालयात गमावलेल्या माणसाचे गाव अखेर तेथेच जाऊन पोहोचावे, हा योगायोग मला त्याच्या कोणत्याही कथेपेक्षा अधिक अस्वस्थ करतो.