गावयास लावणारा पाळक : रेव्हरंड जॉन कर्वेन

गायनाच्या तासास ज्या मुलांस मागच्या रांगेंत उभें करितात व आवाज न काढतां नुसते ओठ हालविण्याची ताकीद देतात, त्यांपैकीं आम्ही एक होतों. वार्षिक समारंभाचें समूहगीत बिघडूं नये एवढाच त्या ताकिदीचा हेतु असे. गुरुजींच्या मनांत आकस मुळींच नव्हता. परंतु कंठ ही मोजक्या भाग्यवंतांस मिळालेली देणगी आहे आणि ती आपल्या वांट्यास आलेली नाहीं, ही समजूत त्या दिवसापासून आमच्या मनांत जी घर करून बसली ती पुष्कळ वर्षें हालली नाहीं. ज्या पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांचीहि तरुणपणीं अशीच अवस्था होती हें कळलें तेव्हां आम्हांस मोठें नवल वाटलें. कारण शाळांतून वृंदगायन शिकविण्याच्या इतिहासांत त्यांचें नांव पहिल्या पंक्तीस आहे.

जॉन कर्वेन यांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यांतील हेक्मंडवाइक या गांवीं १४ नोव्हेंबर १८१६ रोजीं झाला. वडील काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक होते; मुलानेंहि तोच मार्ग धरिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत अध्ययन झाल्यावर १८३८ सालीं बेझिंगस्टोक येथें ते साहाय्यक पाळक झाले. येथवर सांगण्यासारखें विशेष कांहीं नाहीं. मात्र लहान मुलांस शिकविण्याची त्यांस विलक्षण आवड होती. नेली व्हॅनर नांवाच्या मुलीची एक छोटी गोष्ट त्यांनीं १८४० सालीं लिहिली व तिच्यामुळें रविवारच्या शाळांच्या शिक्षकवर्गांत त्यांचें नांव झालें. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्तालोझी याचें तत्त्व त्यांच्या मनांत पक्कें रुजलें होतें. वस्तु आधीं दाखवावी, तिचें नांव मग सांगावें आणि कागदावरील चिन्ह सर्वांच्या शेवटीं द्यावें, असें तें तत्त्व. वाचन शिकवितांना त्यांस हें साधे. साधेना तें एकच, गाणें. मुलांकडून गीतें म्हणवून घ्यावीं तर स्वतःसच सूर धरतां येईना, आणि छापील स्वरलिपि पाहावी तर ती वाचतां येईना.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आपल्याकडे शंभर माणसें मिळून भजन म्हणतात तेव्हां तीं सारीं एकच चाल म्हणतात. ज्यास येत नाहीं तो शेजाऱ्याच्या मागोमाग जातो व दोन कडव्यांत तयार होतो. युरोपीय वृंदगायनाची रचना निराळी आहे. तेथें स्त्रियांच्या उंच व खालच्या आणि पुरुषांच्या उंच व खालच्या, अशा बहुधा चार आवाजांच्या चार निरनिराळ्या ओळी एकाच वेळीं चालतात, आणि त्यांच्या मेळांतून गीताचें सौंदर्य निर्माण होतें. खालच्या आवाजाचा गायक उंच आवाजाच्या मागोमाग गेला तर मेळच उरला नाहीं. म्हणून प्रत्येकास आपापली ओळ ठाऊक पाहिजे व ती कागदावरून वाचतां आली पाहिजे. पांच रेघांवर काळे ठिपके मांडणारी ती लिपि श्रीमंतांच्या मुलांस शिक्षक ठेवून शिकतां येई. गिरणींतल्या मजुरास, खाणींतल्या पोरास ती कोण शिकविणार?

हा प्रश्न त्या काळीं सरकारपुढेंहि होता. १८४१ सालीं जॉन हला नांवाच्या संगीतकारानें लंडनच्या एक्झिटर हॉलमध्यें शाळामास्तरांसाठीं गायनवर्ग उघडला. सरकारी शिक्षणखात्याचा त्यास पाठिंबा होता. पॅरिस येथील विल्हेम याची पद्धति त्यानें आणिली होती. तींत डो म्हणजे पियानोवरील एक ठराविक पट्टी, ती कधींहि बदलावयाची नाहीं. पहिले कांहीं धडे सोपे जात. गीताचा मूळ स्वर बदलला कीं विद्यार्थी गोंधळून जात, आणि पुष्कळ मास्तर तेथेंच थांबत.

त्याच सालीं शरदृतूंत हल शहरीं रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची परिषद भरली, आणि शाळांतून व उपासनेंत गायन शिकविण्याची सर्वांत सोपी रीत शोधून काढण्याचा भार परिषदेनें तरुण कर्वेन यांजवर टाकिला. ज्यास गातां येत नाहीं त्यासच हें काम सांगणें चमत्कारिक खरें. तथापि आमच्या मतें निवड अचूक होती. ज्यास पोहणें जन्मतःच आल्यासारखें वाटतें त्यास बुडणाऱ्याची धडपड कळत नाहीं.

कर्वेन यांच्या हातीं एक पुस्तक आलें होतें. नॉर्विच शहरांतील एका पाळकाची कन्या मिस सारा ग्लोव्हर यांनीं तें १८३५ सालीं छापिलें होतें. ग्लोव्हरबाई आपल्या गांवच्या गरीब मुलींस गावयास शिकवीत. त्यांनीं ठिपके व रेघा बाजूस ठेविल्या आणि स्वरांचीं आद्याक्षरेंच लिपि म्हणून घेतलीं. सातव्या स्वराचें सी हें नांव बदलून त्यांनीं टी केलें, कारण त्याचें आद्याक्षर सोलच्या आद्याक्षराशीं घोटाळा करी. शिवाय त्यांचा डो चल होता. गीत कोणत्याहि पट्टींत असो, त्याचा जो आधारस्वर तोच डो. मराठी वाचकांस यांत नवीन तें काय, असें वाटेल. आपला गवई काळी एकमध्यें गावो कीं पांढरी पांचमध्यें गावो, जेथें षड्ज लावील तेथें त्याचा सा. आणि सा, रे, ग, म हीं आद्याक्षरेंच आहेत. ही युक्ति आपल्या देशांत कित्येक शतकांची जुनी. इंग्लंडांत मात्र ती नवी ठरली.

कर्वेन आपल्या बिऱ्हाडीं असलेल्या एका लहान मुलास सोबतीस घेऊन तें पुस्तक अभ्यासूं लागले. पंधरवड्याच्या आंत, जी गोष्ट इतकीं वर्षें साधली नव्हती ती साधली : साधी स्तोत्राची चाल त्यांस पाहून म्हणतां येऊं लागली. दोष आपल्या कंठांत नव्हता, शिकविण्याच्या रीतींत होता, अशी त्यांची खात्री झाली व पुढलें सारें आयुष्य या एका खात्रीवर उभें राहिलें.

आतां एक अप्रिय गोष्ट. कर्वेन यांनीं ग्लोव्हरबाईंची पद्धति जशीच्या तशी ठेविली नाहीं. मोठीं अक्षरें काढून लहान घातलीं, तालाचीं चिन्हें बदललीं, शिकविण्याचा क्रम बदलला. आणि हें करण्यापूर्वीं बाईंची अनुमति घेतली नाहीं, मागाहून त्यांस कळविलें. बाईंस ते फेरफार रुचले नाहींत. त्या अखेरपर्यंत आपल्याच लिपीस धरून राहिल्या आणि १८६७ सालीं वारल्या. जगांत नांव झालें तें कर्वेन यांचें. मूळ कल्पना ग्लोव्हरबाईंची हें त्यांनीं कधीं लपविलें नाहीं, पुस्तकांतून वारंवार लिहिलें, ही गोष्ट खरी. तरीहि विचारून बदल केला असता तर चरित्रकारास हा परिच्छेद लिहावा लागला नसता. त्यांची थोरवी आम्हांस मान्य आहे, म्हणूनच हें झांकून ठेवावेंसें वाटत नाहीं.

१८४४ सालीं कर्वेन लंडनजवळील प्लेस्टो येथें पाळक झाले. या पद्धतीस टॉनिक सोल-फा असें नांव पडलें. तिचा वर्ग कसा चाले तें पाहण्यासारखें आहे. भिंतीवर एक लांब तक्ता टांगलेला. त्यावर स्वरांचीं नांवें शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें खालून वर लिहिलेलीं. शिक्षक छडीनें एकेक पायरी दाखवी व वर्ग तो स्वर म्हणे. पुस्तक नाहीं, वाद्य नाहीं. प्रत्येक स्वराचा स्वभाव मुलांस ओळखावयास लावीत : डो खंबीर, सोल तेजस्वी, ला करुण, टी वर चढूं पाहणारा. १८७० सालीं कर्वेन यांनीं त्यांस हातांच्या खुणांची जोड दिली. डोसाठीं मूठ, मीसाठीं आडवा पंजा, टीसाठीं वर रोखलेलें बोट. शिक्षकाचा हात पाहून सारा वर्ग गाई. पेस्तालोझीच्या तत्त्वाप्रमाणें स्वर आधीं कानांत भरे, कागदावरील अक्षर त्याच्या मागून येई.

लिपीचा आणखी एक गुण व्यवहाराचा होता. अक्षरें, उभ्या रेघा, टिंबें व आडव्या रेघा एवढ्यावर तिचें सारें काम भागे आणि हे खिळे कोणत्याहि छापखान्यांत असत. संगीताचे स्वतंत्र खिळे लागत नसल्यामुळें गीतांचे कागद फार स्वस्त पडत. गरिबांच्या वर्गांत ही पद्धति पसरली, तिचें एक मोठें कारण हें स्वस्तपण होय.

परीक्षांविषयीं कर्वेन यांचा कटाक्ष आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वृंदांत गाणाऱ्या प्रत्येकानें एकट्यानें परीक्षा द्यावी असा त्यांचा नियम होता. तक्त्यावर दाखविलेले स्वर म्हणावे, कानांवर पडलेला स्वर ओळखावा, पूर्वीं न पाहिलेली ओळ वाचून गावी, तेव्हां प्रमाणपत्र मिळे. शंभरांच्या घोळक्यांत चाळीस मुलें शेजाऱ्याच्या आधारानें ओठ हालवीत असतात हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. त्यांचीं तरुणपणचीं वर्षें त्या चाळिसांतच गेलीं होतीं. एकट्याची परीक्षा त्या चाळिसांस बाहेर काढण्यासाठीं नव्हती, तर शिक्षकाचें त्यांजकडे लक्ष जावें यासाठीं होती.

पुढील वाढ झपाट्यानें झाली. १८५३ सालीं या पद्धतीचा संघ स्थापन झाला. १८५७ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें सुमारें ३००० मुलांनीं एकत्र गाऊन दाखविलें. १८६३ सालीं कर्वेन यांनीं स्वतःचा छापखाना काढिला; १८६४ सालीं पाळकपण सोडून सर्व वेळ याच कार्यास वाहिला; १८६९ सालीं शिक्षक तयार करणारें टॉनिक सोल-फा कॉलेज निघालें. मद्यपाननिषेधाच्या सभा, कारखान्यांतील मंडळें, खाणींच्या गांवांतील प्रार्थनागृहें, जिकडे तिकडे हे वर्ग भरूं लागले.

विद्वान संगीतकारांनीं या अक्षरगायनाची पुष्कळ थट्टा केली. सगळीच थट्टा अन्यायाची नव्हती. ज्या रचनेंत आधारस्वर पदोपदीं बदलतो तेथें ही लिपि अडखळते, आणि वादकांस तर तिचा उपयोग थोडा. आरंभीं कर्वेन हिला पांच रेघांच्या लिपीकडे नेणारा पूल समजत. पुढें आपल्या मुख्य पाठ्यपुस्तकाच्या १८७२ च्या आवृत्तींत त्यांनीं त्या लिपीचे धडेच गाळले. हें आम्हांस चुकीचें वाटतें. पूल बांधणाऱ्यानें पलीकडचा तीर नकाशांतून पुसूं नये. या चुकीमुळें कित्येक चांगले गायक जन्मभर अक्षरांच्याच तीरावर राहिले.

अखेरच्या वर्षांत फॉरेस्ट गेट येथें कॉलेजची इमारत उठली. १८८० च्या आरंभीं पत्नी वारली, व त्याच वर्षीं २६ मे रोजीं मँचेस्टरनजीक कर्वेन यांनींहि देह ठेविला. वडील पुत्र जॉन स्पेन्सर यांनीं काम पुढें चालविलें. १८९१ च्या सुमारास ब्रिटनच्या प्राथमिक शाळांतील सुमारें २५ लाख मुलें या पद्धतीनें गायन शिकत होतीं. विसाव्या शतकांत हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनीं आपल्या देशाच्या शाळांसाठीं जी शिक्षणपद्धति उभारिली, तींतहि चल डो व कर्वेन यांच्या हातांच्या खुणा घेतल्या आहेत.

समुद्रापलीकडे ही लिपि मिशनरी शिक्षकांच्या पेटींतून गेली, कारण पियानो त्या पेटींत मावत नसे. मादागास्करांत ती गेली. वेल्श मिशनऱ्यांबरोबर ती आपल्या देशाच्या ईशान्येकडील खासी व मिझो टेंकड्यांतहि आली. मिझो लोकांचें चार आवाजांचें गायन सुप्रसिद्ध आहे आणि त्यांच्या गीतपुस्तकांत आजहि हीं अक्षरें छापलेलीं आढळतात. दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्गजवळील एका मेथॉडिस्ट मिशन शाळेंत एनॉक सोंटोंगा नांवाचा तरुण शिक्षक होता. शाळेच्या गायकवृंदास शिकविणें हें त्याचें काम. १८९७ सालीं त्यानें आपल्या खोसा भाषेंत आफ्रिकेसाठीं एक प्रार्थनागीत रचिलें. १९०५ सालीं तो वारला तेव्हां तें गीत फारसें कोणास ठाऊक नव्हतें. बरोबर शंभर वर्षांनीं, १९९७ सालीं, तें त्या देशाच्या राष्ट्रगीताचा भाग झालें. सोंटोंगा यानें तें प्रथम कागदावर उतरविलें तें पांच रेघांवर नव्हे, तर नॉर्विचच्या ग्लोव्हरबाईंनीं योजिलेल्या आणि कर्वेन यांनीं बदललेल्या त्या अक्षरांत.