मोटाबेन अनसूया साराभाई

अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा १९१८ चा लढा आपण शाळेत शिकलो, तो गांधीजींचा लढा म्हणून. गांधीजींच्या आधीपासून त्या कामगारांमध्ये काम करणारी एक बाई होती, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचनात आले. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा अनसूयाबेन साराभाईंवरच लिहायचे ठरवले.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८५ चा, अहमदाबादच्या श्रीमंत जैन घराण्यातला. नऊ वर्षांच्या असताना आईवडील गेले, काकांनी सांभाळले. तेराव्या वर्षी लग्न झाले, पण ते टिकले नाही आणि त्या माहेरी परतल्या. धाकटे भाऊ अंबालाल यांच्या मदतीने १९१२ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर व्हायला. विच्छेदन त्यांच्या जैन मनाला पटेना, म्हणून वैद्यकी सोडून त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्या. मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रिया त्यांनी तिथेच पाहिल्या.

१९१३ मध्ये परत आल्यावर त्यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. एके दिवशी पंधरा बायका थकून-भागून घरी चाललेल्या दिसल्या. चौकशी केली तेव्हा कळले, सलग छत्तीस तास काम करून त्या येत होत्या. तिथून अनसूयाबेन कामगारांच्या झाल्या. १९१७ च्या अखेरीस ताणा खात्यातल्या कामगारांच्या संपाचे नेतृत्व त्यांनीच केले.

पुढच्याच वर्षी मोठा लढा झाला. प्लेगच्या साथीत दिलेला जादा भत्ता मालकांनी बंद केला होता. कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मालकांच्या बाजूचे पुढारी होते अंबालाल साराभाई, बहिणीला परदेशी पाठवणारा तोच भाऊ! अनसूयाबेन वस्तीत घरोघर फिरत, संध्याकाळी साबरमतीकाठी बाभळीखाली सभा होई. कामगारांचा धीर सुटू लागला तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपोषण सुरू केले आणि तीन दिवसांत तडजोड झाली. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच मान्य केले. बहीणभावाचे नाते मात्र तुटले नाही.

१९२० मध्ये ‘मजूर महाजन’ ही कामगार संघटना स्थापन झाली आणि अनसूयाबेन तिच्या अध्यक्ष झाल्या. कामगार त्यांना मोटाबेन, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. कामगारांच्या मुलींसाठी त्यांनी कन्यागृहही चालवले.

त्यांचे चरित्र वाचताना मला एक गोष्ट सलत राहिली. संघटनेच्या प्रमुखपदी बाई होती, तरी संघटना मुख्यतः पुरुषांचीच राहिली. गिरणीत बायकांना ठरावीक खात्यांतच काम मिळे आणि यंत्रे बदलली तशी तीही कामे कमी होत गेली. घरी बसून शिवणाऱ्या, डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या बायका तर कामगार म्हणून कुणाच्या हिशेबातच नव्हत्या.

तो हिशेब बदलला इलाबेन भट्ट यांनी. १९५५ मध्ये त्या मजूर महाजनच्या कायदा विभागात आल्या, पुढे महिला विभाग सांभाळू लागल्या. या बायकांची वेगळी संघटना काढायची ठरली, तेव्हा मालकच नाही तर संघटना कसली, म्हणून सरकारी कार्यालयाने नोंदणीलाच हरकत घेतली. अखेर एप्रिल १९७२ मध्ये ‘सेवा’ची नोंदणी झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अनसूयाबेन गेल्या. १९८१ मध्ये सेवा मजूर महाजनपासून वेगळी झाली. आता तिथे विडी वळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकाच सभासद होत्या आणि त्यांच्यातूनच पुढारी निवडल्या जात होत्या.

मोटाबेनचे मोठेपण याने कमी होत नाही. वरच्या घरातली एक बाई कामगारांच्या बाजूने उभी राहिली, म्हणून पुढचे घडू शकले. पण एक बाई अध्यक्ष झाली की सगळ्या बायकांचा प्रश्न सुटत नाही, हेही त्यांच्याच संघटनेच्या इतिहासात दिसते. माझ्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मुली भरपूर आहेत, निर्णयाच्या बैठकीत मात्र मोजक्याच दिसतात. आपल्यातले कित्येक जण आज बँकांच्या, शिक्षकांच्या, एसटीच्या संघटनांत आहेत. पुढच्या निवडणुकीत पदाधिकाऱ्यांची यादी करताना सभासद बायका किती आणि यादीत किती, एवढे मोजून पाहा. आणि महिला आघाडीचे पद देऊन थांबू नका, सरचिटणीस आणि खजिनदार या पदांसाठीही त्यांची नावे सुचवा.