विश्वस्त जमनालाल

राजस्थानात सीकर शहराजवळ काशी-का-बास नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्यात कनीराम नावाच्या एका सामान्य स्थितीतील गृहस्थाच्या घरी ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जमनालाल बजाज यांचा जन्म झाला. त्या काळी वर्धा येथे शेठ बच्छराज बजाज हे एक नामांकित व्यापारी होते. त्यांच्या घरी लक्ष्मी नांदत होती. परंतु वंश पुढे चालविण्यास कोणी नव्हते. त्यांनी जमनालालास नातू म्हणून दत्तक घेतले. अशा रीतीने वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा रेताड मुलखातून कापसाच्या काळ्या मुलखात आला. शाळेचे शिक्षण त्याला फारसे लाभले नाही. पेढीवरील हिशेबाच्या वह्या हेच त्याचे खरे पाठ्यपुस्तक ठरले.

श्रीमंताघरी वाढूनही जमनालालांच्या ठायी धनाचा गर्व कधी उत्पन्न झाला नाही. त्यांना रोज एक रुपया हातखर्चास मिळत असे. तो उधळून न टाकता त्यांनी त्यातून शंभर रुपये साठविले आणि ते लोकमान्य टिळकांच्या विचारांचा प्रसार करणाऱ्या ‘हिंदी केसरी’ या पत्रास देणगी म्हणून दिले. पुढील आयुष्यात त्यांनी लक्षावधी रुपयांचे दान केले. परंतु या पहिल्या शंभर रुपयांनी झालेला आनंद ते कधीच विसरले नाहीत.

ते सतरा वर्षांचे असताना एक प्रसंग घडला. एका लग्नसमारंभास जाताना त्यांनी रत्नजडित दागिने घालून मिरवावे, अशी आजोबांची इच्छा होती. जमनालालांना ते आवडले नाही. त्यांनी नकार देताच बच्छराजजींचा राग अनावर झाला. ज्या संपत्तीवर हा मुलगा वाढला तिचीच त्याला किंमत नाही, अशा अर्थाचे कठोर शब्द ते बोलून गेले. जमनालालांनी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी आजोबांच्या नावे एक पत्र लिहून ठेवले. या संपत्तीवर आपला कोणताही हक्क नाही, अंगावरील वस्त्रांखेरीज आपण काहीही नेत नाही आणि मनात कोणताही राग धरीत नाही, असे त्यात लिहून त्यांनी घर सोडले. आजोबांना पश्चात्ताप झाला. त्यांनी नातवाचा शोध करवून, समजूत घालून, त्याला परत आणले.

पुढे थोड्याच काळात बच्छराजजींचे निधन झाले आणि सारी मालमत्ता जमनालालांच्या हाती आली. दुसरा कोणी असता तर रागाच्या भरात लिहिलेले ते पत्र विसरून गेला असता. परंतु जमनालाल ते विसरले नाहीत. जी संपत्ती आपण एकदा मनाने सोडली तिचे आपण मालक नाही, केवळ विश्वस्त आहोत, असे त्यांनी ठरविले. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची ठेव इमानाने सांभाळणारा. पुढे महात्मा गांधींचे विश्वस्तवृत्तीचे विचार त्यांच्या कानी आले, तेव्हा त्या विचारांचे बीज त्यांच्या मनात आधीच रुजलेले होते.

या वृत्तीची कसोटी प्रथम लागली ती व्यापारात. वर्धा व वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. शेतकऱ्याकडून कापूस घ्यावयाचा, कारखान्यात त्याची सरकी काढावयाची, रुई दाबून तिच्या गाठी बांधावयाच्या आणि त्या मुंबईस धाडावयाच्या, असा हा व्यवसाय होता. माल वजनावर विकला जात असल्यामुळे गाठी बांधण्यापूर्वी रुईवर पाणी मारण्याची खोड अनेक व्यापाऱ्यांस जडली होती. पाण्याने वजन वाढे आणि पाण्याचेच पैसे होत. सारेच असे करतात, मग आपणच मागे का राहावे, असे समर्थनही तयार असे. जमनालालांनी मात्र आपल्या कारखान्यांत ही लबाडी चालू दिली नाही. प्रारंभी त्यांना तोटा सोसावा लागला. परंतु बजाजांच्या गाठीत कोरडी व चोख रुई असते, अशी ख्याती हळूहळू पसरली आणि तिला अधिक भाव मिळू लागला. असा लाभ होईल हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते. त्यांनी तोटा पत्करला होता तो केवळ सत्यासाठी.

१९२० साली नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. जमनालालजी त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्ष होते. त्या वेळी त्यांनी गांधीजींजवळ एक विलक्षण मागणी केली. गांधीजींना चार पुत्र होते. आपल्याला त्यांनी पाचवा पुत्र मानावे, अशी ती मागणी होती. गांधीजींनी ती मान्य केली. दत्तक घेतला गेलेला हा मुलगा आता स्वतःहून एका फकीर वृत्तीच्या पित्यास दत्तक गेला!

हे पुत्रत्व महाग होते. असहकाराची चळवळ सुरू होताच १९२१ साली त्यांनी सरकारने दिलेली ‘रायबहादूर’ ही पदवी परत केली. ब्रिटिशांच्या न्यायालयांवर बहिष्कार घालावयाचा होता, म्हणून आपल्या पेढीचे दावे त्यांनी मागे घेतले. ज्याचे पैसे लोकांकडे येणे असतात, अशा व्यापाऱ्याने न्यायालयाचा दरवाजा आपल्या हातांनी बंद करणे म्हणजे काय, हे प्रत्येक व्यापारी जाणत होता. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचे त्यांनी नेतृत्व केले. सरकारने त्यांना अठरा महिन्यांची कैद आणि तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा ठोठावली. दंड भरण्याचे त्यांनी नाकारले.

परक्या सरकारशी लढण्यास धैर्य लागते हे खरे. परंतु आपल्याच माणसांचा रोष पत्करण्यास त्याहूनही अधिक धैर्य लागते. जमनालालजींच्या आयुष्यात तोही प्रसंग आला. वर्ध्यास बजाज घराण्याने बांधलेले लक्ष्मीनारायणाचे सुंदर मंदिर होते. देशातील इतर मंदिरांप्रमाणे तेथेही अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. याच काळात, १९२७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह करून माणुसकीच्या हक्काचा प्रश्न साऱ्या देशापुढे मांडला होता. ज्या मंदिराचा आपण सांभाळ करतो त्याच्या दारातून माणसे परत जातात, ही गोष्ट जमनालालजींच्या मनास बोचत होती.

मंदिर खुले करावयाचे तर विरोध करणारे कोण होते? तेच नातेवाईक, तेच ज्ञातिबांधव आणि तेच व्यापारी, ज्यांच्याशी त्यांचा नित्याचा व्यवहार होता. त्या काळी व्यापार पतीवर चाले आणि पत ज्ञातीत टिकली तर टिके. बहिष्कार पडला तर मुलांची लग्ने अडत आणि पेढीसही धक्का बसे. जमनालालजींना हे सर्व ठाऊक होते. तरीही ते डगमगले नाहीत. त्यांनी घाई केली नाही, कोणावर जबरदस्तीही केली नाही. मंदिराच्या इतर विश्वस्तांची त्यांनी धीराने समजूत घातली आणि संमती मिळविली. अखेर १९२८ सालच्या जुलै महिन्यात, आचार्य विनोबा भावे यांच्या साहाय्याने, त्या मंदिराची द्वारे सर्वांसाठी उघडण्यात आली. सनातनी मंडळी संतापली, टीकेचा वर्षाव झाला; पण उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही. त्यांनी आपल्या विहिरीही सर्वांना खुल्या केल्या.

त्यांच्या पत्नी जानकीदेवी या प्रत्येक पावलात त्यांच्यासोबत होत्या. श्रीमंत घरची ही स्त्री दागिने टाकून आणि पडदा सोडून खादीच्या प्रचारास बाहेर पडली. पुढे गांधीजी वर्ध्यास येऊन राहिले, तेव्हा जमनालालजींनी ग्रामोद्योगाच्या कार्यासाठी आपली बाग दिली. सेवाग्राम आश्रमासाठीही त्यांनी आपली जमीन दिली.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी गोसेवेचे कार्य हाती घेतले आणि वर्ध्याजवळ गोपुरी येथे ते एका साध्या झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

जमनालालजींनी धन मिळविणे वाईट मानले नाही. त्यांनी कारखाने चालविले, व्यापार वाढविला. परंतु ते धन खोट्या वजनाचे असू नये आणि ते एकट्याच्या सुखासाठी नसावे, एवढे त्यांनी कटाक्षाने पाळले. सतराव्या वर्षी लिहिलेल्या एका पत्राशी ते पुढची पस्तीस वर्षे प्रामाणिक राहिले. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे खुले द्वार आजही त्यांच्या त्या प्रामाणिकपणाची साक्ष देत आहे.