वयाचा दाखला आणि वजनाचा काटा

23 जुलै 1952 रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे साताऱ्याकडच्या एका सव्वीस वर्षांच्या पैलवानाने ऑलिंपिकचे ब्राँझपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यानंतरचे पदक यायला 1996 साल उजाडले. खाशाबा दादासाहेब जाधव हे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, त्यांच्या पराक्रमाची आणि उपेक्षेची कहाणीही अनेकदा सांगून झाली आहे. मला मात्र त्या कहाणीतला एक साधा आकडा पुन्हा पुन्हा खुणावतो. तो आकडा आहे 57 किलो.

खाशाबा 57 किलो गटात लढले होते. पैलवान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दांडगा देह, रुंद छाती आणि खांबासारख्या मांड्या उभ्या राहतात. खाशाबा त्या चित्रात बसणारे नव्हते. अंगकाठी लहान, चपळाई मात्र विलक्षण. रस्त्यात भेटले असते तर हा माणूस ऑलिंपिकला जाईल असे कुणाला वाटले नसते. तरीही ते गेले, एकदा नव्हे, दोनदा. हे कसे घडले, याचे उत्तर आज आपल्या मुलांना मैदानावर पाठवणाऱ्या प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे असे आहे.

त्यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. लंगोट कसायला ते वडिलांकडेच शिकले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण आणि त्याच्या जोडीला तालीम, असा तो क्रम होता.

आपल्या गावजत्रांतल्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आठवेल, फडाची सुरुवात चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्यांनी होते. रेवड्यांवरच्या कुस्त्या म्हणतात त्यांना. मग नारळावरच्या, मग रुपयांच्या, आणि शेवटी मोठ्या जोडी. या पोरांच्या जोडी लावताना कुणी जन्माचा दाखला मागत नाही. वस्ताद दोन पोरांना शेजारी उभे करतो, दंड चाचपतो, उंचीचा अंदाज घेतो आणि जोड लावतो. बारा वर्षांचे थोराड पोर आणि पंधरा वर्षांचे किरकोळ पोर एकमेकांसमोर उभे राहू शकते. कारण मातीला वय कळत नाही, अंगातला जोर कळतो. याच शहाणपणाच्या मातीत खाशाबा वाढले. लहान अंगाच्या मुलाला तिथे कुणी घरी पाठवत नव्हते, त्याच्या जोडीचा दुसरा शोधत होते.

1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. गट 52 किलोचा. मातीत घडलेला हा मल्ल पहिल्यांदाच तिथल्या गादीवर आणि तिथल्या नियमांनी लढत होता. तरी सहावा आला.

योगायोग असा, की त्याच सुमारास लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन नावाच्या गावी एका बालकाश्रमात मुलांची वाढ मोजण्याचे मोठे काम सुरू झाले होते. जेम्स टॅनर नावाचा तरुण डॉक्टर ते पाहत होता. तो स्वतः अडथळ्यांच्या शर्यतीतला चांगला धावपटू. तीच तीच मुले वर्षानुवर्षे मोजल्यामुळे एक गोष्ट लख्ख दिसली. प्रत्येक मुलाचे घड्याळ वेगळे चालते. मुलगे साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच होतात, मुली त्याआधी सुमारे दोन वर्षे. त्या भराच्या वर्षात मुलगा 9-10 सेंटिमीटरही वाढतो. आधी हातपाय लांबतात, ताकद मागाहून भरते. पण कुणाचे हे वर्ष बाराव्यातच येते, तर कुणाचे पंधराव्यात. म्हणून तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर निघू शकते. हे हाडांचे वय मनगटाच्या एक्स-रेवरून काढतात.

आता आमच्या मार्केट यार्डाकडे येऊ. या भागात पहाटेपासून सगळे जगच काट्यावर चढलेले असते. गुळाच्या ढेपा, कांद्याच्या गोण्या, फळांच्या पेट्या, सगळ्यांचे वजन आणि प्रतवारी. उन्हाळ्यात आंब्याची अढी घातली की सगळे आंबे एका दिवशी पिकत नाहीत, हे इथल्या पोरसवदा हमालालाही कळते. हिरवा राहिला म्हणून कुणी आंबा फेकत नाही, पेंढ्यात परत ठेवतो. आणि याच परिसरातली मुले रविवारी फुटबॉल खेळायला निघतात तेव्हा मात्र हे व्यवहारज्ञान घरीच राहते.

तेरा वर्षांखालचा एक सामना मी मध्यंतरी पाहिला. एका बाजूच्या बचावपटूला मिसरूड फुटलेले, दुसऱ्या बाजूचा आघाडीचा खेळाडू त्याच्या खांद्याला लागत होता. दाखल्यावर दोघे एकाच वर्षाचे. धडक झाली की कोण पडणार हे सांगायला पंच कशाला हवा? धाकट्या अंगाच्या त्या मुलाचा चेंडूवरचा ताबा सुरेख होता. उत्तरार्धात त्याला बाहेर बसवले. संघ निवडणाऱ्यांना त्या दिवशीचा सामना जिंकायचा होता, आणि आजचा सामना थोराड मुले जिंकून देतात. त्यात एकाच वर्षातला जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो, हेही धरावे लागते.

नुकसान दोघांचेही होते. लहानखुरा मुलगा चौदाव्या वर्षी खेळ सोडतो आणि सोळाव्या वर्षी त्याची उंची वाढते, तेव्हा तो मैदानावर नसतो. लवकर वाढलेल्याला अंगाच्या जोरावर गोल मिळत जातात, कौशल्य कमवायची गरज भासत नाही, आणि बाकीचे त्याच्या बरोबरीला आले की तो मागे पडतो. शिवाय वाढीच्या भरात गुडघे दुखतात, चपळ मुलगाही काही महिने धांदरट होतो. त्या वेळी त्याला ओरडा नव्हे, धीर आणि थोडी विश्रांती हवी असते.

इंग्लंडमधल्या काही व्यावसायिक क्लबांनी 2015 पासून एक प्रयोग केला. मुलांना अधूनमधून वयाऐवजी वाढीनुसार गटांत खेळवायचे. प्रौढपणी मुलगा किती उंच होईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यातली किती टक्के उंची आज झाली आहे ते पाहायचे. हे वाचले तेव्हा मला हसू आले. आमचा गावचा वस्ताद दंड चाचपून हेच करत होता.

खाशाबांकडे परत येऊ. लंडननंतर चार वर्षांनी ते 52 वरून 57 किलोच्या गटात आले होते. सव्विशीतही शरीर घडवता येते, पंधराव्या वर्षी त्याचा हिशेब बंद होत नाही, हेच त्यातून दिसते. पण जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आयुष्यभर बँकेत बसून मी कर्जांचे अर्ज तपासले. तारण काय, परतफेड कशी, हे प्रश्न विचारणे हीच नोकरी होती. कुणाच्या तरी पोराच्या कुस्तीसाठी स्वतःचे घर तारण देणारा माणूस मला टेबलापलीकडे कधी भेटला नाही.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीईकडून ते हरले. त्या थकवणाऱ्या लढतीनंतर नियमाने अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे नव्हता. तसेच दमलेल्या अंगाने त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवशी लढावे लागले. सुवर्ण इशीईला, रौप्य ममादबेयोवला, ब्राँझ खाशाबांना. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणुकीनंतर या माणसाने काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले.

1955 साली ते मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने 1956 चे मेलबर्न हुकले. सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

कुस्तीला काटा होता म्हणून लहान चणीच्या खाशाबांना त्यांच्या जोडीचे प्रतिस्पर्धी मिळाले. फुटबॉलला काटा नाही. तिथे वस्तादाचा तो चाचपणारा हात प्रशिक्षकाला आणि आईबापांना व्हावे लागते. मुलगा संघातून वगळला गेला तर लगेच त्याचे बूट माळ्यावर टाकू नका. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीची खूण करा, त्याच्या अंगाच्या मुलांत त्याला खेळू द्या, आणि दोन वर्षे थांबा. गोळेश्वरच्या पोराला जोड मिळाली आणि वेळही मिळाला. त्यापुढचे पदक त्याने स्वतःच कमावले.