ऋण फेडण्यासाठी धावलेला तरुण

शाळेच्या क्रीडामहोत्सवात आम्ही धावतो, ते आपला क्रमांक वर लागावा म्हणून. परंतु उपकाराची जाणीव ठेवूनही माणूस धावू शकतो आणि त्या धावण्यातून असंख्य रोग्यांचे हित साधू शकतो, हे कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाने दाखवून दिले. त्याला आयुष्याची पुरती तेवीस वर्षेही लाभली नाहीत. तरी त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेग येथे झाला. पुढे त्याचे कुटुंब पश्चिम किनाऱ्याकडील पोर्ट कोक्विटलम या गावी राहू लागले. अंगाने लहानखुरा असूनही त्याला बास्केटबॉलचा विलक्षण नाद होता आणि केवळ चिकाटीच्या बळावर त्याने शाळेच्या संघात स्थान मिळविले. पुढे तो सायमन फ्रेझर विद्यापीठात दाखल झाला. तेथे शिकत असता मार्च १९७७ मध्ये त्याच्या उजव्या पायाला हाडाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. अवघ्या अठराव्या वर्षी त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला एक मासिक आणून दिले. कृत्रिम पायाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावलेल्या एका गृहस्थाची हकीकत त्यात होती. ते बीज टेरीच्या मनात रुजले. पुढे सुमारे सोळा महिने औषधोपचार चालले. त्या काळात आसपासच्या रोग्यांच्या यातना त्याने डोळ्यांनी पाहिल्या. त्याच्या जगण्याची शक्यता शेकडा ५० आहे, दोनच वर्षांपूर्वी ती शेकडा १५ होती, असेही त्याला कळले. म्हणजे संशोधकांच्या परिश्रमांमुळे तो वाचला होता. आपण सुटलो, पण मागे राहिलेल्यांचे काय, हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना. ऋषिऋण हे ऋषींना परत करावयाचे नसते. ज्ञान पुढे चालवून ते फेडावयाचे असते. टेरीनेही आपले ऋण पुढच्या रोग्यांसाठी फेडावयाचे ठरविले, असे आम्हांस वाटते.

कॅनडा देश पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत धावत ओलांडावयाचा आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवावयाचा, असा त्याचा संकल्प होता. तो ऐकून आईने प्रथम विरोध केला. वडिलांनी मात्र केव्हा निघणार, एवढेच विचारले. १९७९ साली सरावादाखल तो प्रिन्स जॉर्ज येथील शर्यतीत धावला. त्यात तो सर्वांत शेवटी पोहोचला. तरीही त्याचा निश्चय ढळला नाही.

१२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स येथे आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागराच्या पाण्यात बुडवून त्याने प्रयाण केले. शाळासोबती डग ऑलवर्ड गाडी घेऊन सोबतीस होता. डाव्या पायावर दोन उड्या आणि मग कृत्रिम पायाचे एक पाऊल, अशा गतीने तो दररोज सुमारे ४२ किलोमीटर धावे. वारा, पाऊस व हिमवृष्टी त्याने सोसली. कापलेल्या पायाच्या जखमाही सोसल्या. प्रारंभी फारसे कोणी लक्ष देईना. पण पोर्ट ओ बास्क या सुमारे १०,००० वस्तीच्या गावाने १०,००० डॉलर दिले, तेव्हा त्याला मोठा धीर आला. ऑन्टारियो प्रांतात तर त्याच्या दर्शनासाठी रस्त्यांवर गर्दी लोटू लागली. आपल्या धावण्यातून कोणीही वैयक्तिक लाभ उठवू नये, याविषयी त्याचा कटाक्ष असे.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर तोडल्यावर १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. पण आता लोकांनी त्याचे काम हाती घेतले. प्रत्येक देशबांधवामागे एक डॉलर मिळावा ही त्याची इच्छा होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४० लाख डॉलरांवर गेला आणि ती त्याच्या हयातीतच पूर्ण झाली. २८ जून १९८१ रोजी त्याचे देहावसान झाले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच्या स्मरणार्थ पहिली दौड झाली. तीत सुमारे ३ लाख लोक सहभागी झाले. तेव्हापासून अनेक देशांत अशा दौडी होत आल्या असून एकूण निधी ८० कोटी डॉलरांच्या पुढे गेला आहे. या दौडीत क्रमांक नसतात, बक्षिसे नसतात. कोणी धावतो, कोणी चालतो. आपला रोग बरा झाला म्हणून, किंवा आप्तांची शुश्रूषा करणाऱ्यांची आठवण ठेवून कित्येक जण तीत उतरतात.

आपल्या निरोगी पायांमागेही आईबाप, शिक्षक, वैद्य अशा कितीतरी जणांचे श्रम असतात. पुढच्या क्रीडादिनी रेषेवर उभे राहताना आम्ही त्यांचे स्मरण करू. मग आमचा क्रमांक शेवटचा आला तरी खंत वाटणार नाही. प्रिन्स जॉर्जला टेरीचाही शेवटचाच होता.