शिष्यवृत्तीचा हिशेब

परदेशी शिक्षणासाठी निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि त्यांत मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातल्या मुलाचे वा मुलीचे नाव दिसले की समाधान वाटते. गावात सत्कार होतो, शाळेच्या फळ्यावर नाव लिहिले जाते. हे कौतुक स्वाभाविक आहे. परंतु सत्काराचे हार सुकल्यावर जे प्रश्न उरतात ते निव्वळ व्यवहाराचे असतात. पहिला हप्ता केव्हा मिळणार? अभ्यासक्रम लांबला तर मुदत वाढणार काय? परत आल्यावर या शिक्षणाला साजेसे काम आणि मानाने राहण्याची जागा मिळणार काय? तरुणांना परदेशी पाठविण्याच्या कोणत्याही योजनेचे यशापयश या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. हे प्रश्न नवे नाहीत. ज्या थोर पुरुषाच्या नावाने आज आपले विद्यापीठ ओळखले जाते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात ते एकामागून एक उभे राहिले होते. घटनाकार आणि समाजक्रांतिकारक म्हणून त्यांचे चरित्र आपण नेहमीच वाचतो. एका शिष्यवृत्तीचा हिशेब म्हणूनही ते वाचावयास हवे.

बडोद्याचा करार

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, कुटुंब मोठे आणि उत्पन्न तुटपुंजे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्याव्यासंगी शिक्षकाने त्यांची गुणवत्ता हेरली. पुढे इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. योजना कितीही उदार असली तरी योग्य विद्यार्थी तिच्यापर्यंत पोहोचविणारा असा एखादा शिक्षक मध्ये असावाच लागतो.

सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले राजे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि पुढे तो सर्व संस्थानाला लागू केला. होतकरू तरुणांना परदेशी पाठविणे हा त्याच धोरणाचा पुढचा टप्पा होता. जून १९१३ मध्ये भीमरावांशी करार झाला. तीन वर्षांपर्यंत दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे, ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत रामजी सुभेदारांचे निधन झाले होते. घरचा कर्ता गेलेला, मागे पत्नी रमाबाई आणि आप्तांचा संसार, अशा अवस्थेत बावीस वर्षांचा हा तरुण जुलैत न्यूयॉर्कला उतरला.

साडेअकरा पौंडांत स्वतःचा खर्च भागवून घरीही काही रक्कम धाडावयाची होती. भीमरावांनी पोटाला चिमटा घेतला, पण पुस्तकांच्या खरेदीत काटकसर केली नाही. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला, तरी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्राचे वर्गही सोडले नाहीत. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेविषयीचा त्यांचा निबंध तेथील चर्चासत्रात वाचला गेला. संस्थानला हवा होता कारभार जाणणारा अधिकारी. त्या तीन वर्षांत तयार झाला तो समाजरचनेच्या मुळाशी जाणारा विचारवंत. विषयाच्या चौकटीबाहेर पाहण्याची मोकळीक विद्यार्थ्याला मिळाली, हे या योजनेचे मोठेच यश मानले पाहिजे.

मुदत संपली, माणूस परतला

जून १९१६ मध्ये भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत आणखी एका वर्षाने वाढवून मिळाली होती, परंतु हाती घेतलेल्या कामाला ती पुरण्यासारखी नव्हती. १९१७ मध्ये बडोद्याहून परत येण्याचा आदेश निघाला आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना निघावे लागले. लंडनच्या संस्थेने मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी देऊन ठेवली. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजाने येत होते ते पाणतीराने बुडविले आणि इतक्या हौसेने जमविलेली पुस्तके समुद्रतळाशी गेली.

त्यानंतर बडोद्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे. परदेशातून उच्च विद्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला संपूर्ण शहरात भाड्याने खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी सरायीत त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. कचेरीतील वागणूकही वेगळी नव्हती. दहा वर्षांच्या चाकरीचा करार काही दिवसांतच संपल्यात जमा झाला आणि भीमराव मुंबईला परतले.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. सयाजीरावांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. त्यांच्या दरबाराने विद्यार्थी निवडला, पैसे दिले, अट घातली आणि मुदतही वाढविली. एवढी दक्षता घेणाऱ्या योजनेत एकच गोष्ट राहून गेली. परतणाऱ्या माणसाला डोके टेकावयास जागा कोण देणार, याचा विचार कोणत्याही कागदावर नव्हता. तरुणाला घडविण्याचा खर्च झाला, परंतु तो ज्या समाजात परतणार होता तो समाज होता तसाच राहिला. खतावणीच्या भाषेत बोलावयाचे तर ही रक्कम बुडीत खात्यात गेली.

कर्जाच्या बळावर

राहिलेला अभ्यास पुरा करावयाचा होता. १९१८ च्या अखेरीस सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. दरमहा साडेचारशे रुपये हा त्या काळी मोठाच पगार, पण राहणे परळच्या चाळीतच ठेवून भीमरावांनी पै-पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य झाले. नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. अशी जुळवाजुळव करून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. लंडनच्या संस्थेने दिलेली चार वर्षांची सवलत अजून संपलेली नव्हती. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर अशा पदव्या पदरी पडल्या. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात परीक्षकांनी फेरफार सुचविले तेव्हा जवळचे पैसे सरत आले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईस परत येऊन त्यांनी प्रबंध सुधारून पाठविला आणि त्याच वर्षी लंडनची डी. एस्सी. मिळविली. १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. बडोद्यात झालेल्या अपमानाने उपकाराची जाणीव पुसली गेली नव्हती.

घेणारा देणारा झाला

स्वतः भोगलेल्या या अडचणींची छाया बाबासाहेबांच्या पुढील संस्थात्मक कार्यावर स्पष्ट दिसते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. शिष्यवृत्ती हाती असूनही ज्याला राहावयास खोली मिळाली नाही, त्याला वसतिगृहाचे मोल वेगळे सांगावयास नको होते.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. अलिगढ व बनारस या विद्यापीठांना सरकार जे वार्षिक साह्य देते त्याच्याकडे बोट दाखवून त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सालीना तीन लाख रुपयांची तरतूद मंजूर करून घेतली. तीतून परदेशी शिक्षणासाठीही शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेले दान अशा रीतीने सरकारी अंदाजपत्रकातील हक्काची बाब झाले. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती योजना सुरू झाली, ती आजही चालू आहे.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. त्यानंतर बाबासाहेबांचे लक्ष मराठवाड्याकडे वळले. या भूमीशी त्यांची एक कटू आठवण निगडित होती. १९३४ मध्ये ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास आले असता तेथील हौदावर प्रवासाची धूळ धुतली, एवढ्याच कारणावरून मोठा गोंधळ झाला. अखेर कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून बरोबर सशस्त्र शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखविण्यात आला. त्या किल्ल्यापासून काही मैलांवर, औरंगाबाद शहरात, सोळा वर्षांनी त्यांनी महाविद्यालय उघडले.

निजामी राजवट १९४८ मध्ये संपली होती. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अगदीच तोकडी, पदवीसाठी हैदराबाद गाठावयाचे आणि उस्मानिया विद्यापीठात तोवर माध्यम उर्दूचे. खेड्यातल्या गरीब मुलाने हे कसे साधावे? जून १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. नागसेनवनात महाविद्यालयाबरोबर वसतिगृहेही उभी राहिली आणि सर्व जातींच्या मुलांना दरवाजे खुले राहिले. संस्थेला मिलिंद हे नाव देण्यात आले. परमुलखातून आलेल्या वंशातला एक ग्रीक राजा भिक्षू नागसेनाशी वाद करतो आणि पटल्यावर ते मान्य करतो, ही विद्येची परंपरा त्यांना या मुलांपुढे ठेवावयाची होती. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा या महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे पूर्ण होत होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. नागसेनवनात शिकलेल्या पिढ्यांतून पुढे मराठवाड्याला शिक्षक, अधिकारी आणि लेखक मिळाले. न्यूयॉर्कला तीन वर्षे धाडलेल्या साडेअकरा पौंडांची परतफेड कोठे झाली, असे कोणी विचारले तर बडोद्याच्या दप्तरात शोधण्यापेक्षा या शहरात यावे.

आजचा धडा

या चरित्रातून आजच्या योजनांना काय घेता येईल? पहिली गोष्ट निधीच्या शाश्वतीची. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी कर्जरूप साह्याचा स्वतंत्र निधी काढला, तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. सरकारी योजनेला मात्र दरवर्षी तरतुदीची वाट पाहावी लागते. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी १०६ उमेदवार निवडले गेले, पण प्रारंभी पत्रे मिळाली ती ४० जणांना. बाकीच्यांची पत्रे निधीच्या उपलब्धतेवर सोडण्यात आली. प्रवेश हाती असलेल्या विद्यार्थ्याने विद्यापीठाचे शुल्क भरण्याची तारीख उलटू द्यावी की सावकाराचे दार ठोठवावे? निवड करणे आणि पैसे देणे या दोन वेगळ्या गोष्टी राहता कामा नयेत. जितक्या जागा जाहीर करावयाच्या तितका पैसा आधी बाजूला काढून ठेवला पाहिजे.

दुसरी गोष्ट मुदतीची. संशोधन कॅलेंडरच्या पानांवर चालत नाही. १९१७ मध्ये अर्ध्यावर सुटलेला अभ्यास पुरा करण्यासाठी भीमरावांना तीन वर्षे थांबावे लागले आणि कर्ज काढावे लागले. प्रत्येक विद्यार्थ्याला भथेनांसारखा मित्र लाभत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट परतीची. विद्यार्थी परतलाच पाहिजे अशी अट घालणे सोपे आहे, तो मानाने नांदेल अशी जागा तयार करणे अवघड. आपल्या विद्यापीठांत व महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहणार आणि शिकून आलेल्याला तासिका तत्त्वावर राबविले जाणार असेल, तर त्याने परदेशातच राहावयाचे ठरविले म्हणून त्याला दोष कसा द्यावा? बाबासाहेब परतले, अपमान गिळून येथेच राहिले, हे त्यांचे असामान्यत्व होते. मात्र माणसाच्या असामान्यत्वावर विसंबून योजना आखता येत नाहीत. सामान्य बुद्धीच्या आणि सामान्य धैर्याच्या तरुणालाही जाता यावे, शिकता यावे आणि परतता यावे, अशी व्यवस्था उभी करणे हे कारभाऱ्यांचे काम आहे. बडोद्याच्या करारात जे कलम लिहावयाचे राहून गेले, ते आता तरी लिहिले गेले पाहिजे.