लोहाराच्या मुलाची वही

परीक्षा जवळ आली की कॉलेजात एका गोष्टीचा भाव एकदम वाढतो. ती म्हणजे नोट्स. वर्षभर मागच्या बाकावर शांत बसलेल्या एखाद्या मुलीची वही अचानक सगळ्यांना हवी होते, झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते आणि 'आज नेतो, उद्या देतो' म्हणून नेलेली वही परत येईपर्यंत तिची पानं सुटी झालेली असतात. परीक्षा संपली की तीच वही रद्दीत जाते.

पण एका मुलाच्या नोट्स अशा होत्या, की त्यांनी आधी त्याचं आणि मग आपल्या सगळ्यांचं आयुष्य बदलून टाकलं. हा मुलगा कुठल्या कॉलेजात गेला नव्हता. शाळाही त्याला लिहिण्या-वाचण्यापुरती आणि साध्या हिशोबापुरतीच मिळाली होती. त्याचं नाव मायकल फॅरेडे. बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात ज्याच्या नावाचा नियम पाठ करताना आपल्याला घाम फुटतो, तोच हा.

मायकलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीतला. वडील जेम्स हे लोहार. तब्येत कायम नरमगरम, त्यामुळे काम कमी आणि घरात खाणारी तोंडं सहा. 1801 च्या महागाईत तर मायकलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा आणि तोच सात दिवस पुरवायचा. असं घर असलं की मुलगा तेरा वर्षांचा झाला म्हणजे मोठाच झाला. 1804 मध्ये ब्लॅंडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे तो पोऱ्या म्हणून लागला. घरोघरी वर्तमानपत्रं टाकायची, वाचून झाली की परत आणायची, हे त्याचं काम. वर्षभरात रीबोने त्याला सात वर्षांच्या करारावर पुस्तकबांधणीचा शिकाऊ उमेदवार करून घेतलं, तेही फी न घेता.

आता बघा, पुस्तकं बांधणाऱ्याच्या हाताखालून रोज किती पुस्तकं जातात! पानं जुळवायची, शिवायची, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. आत काय लिहिलंय याच्याशी कारागिराला काय देणंघेणं? पण हा मुलगा बांधता बांधता वाचायला लागला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी संवादाच्या रूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तकही असंच हाती लागलं. त्यात सांगितलेलं खरं की खोटं हे तो परवडेल तेवढं सामान आणून स्वतः करून बघायचा. आयझॅक वॉट्सच्या मनाची मशागत कशी करावी हे सांगणाऱ्या पुस्तकातून तर त्याने आयुष्यभराची सवय उचलली. वाचलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं लगेच लिहून ठेवायचं. त्याने एक वही केली आणि तिच्यात जिथून मिळेल तिथून माहितीचे तुकडे उतरवायला सुरुवात केली.

1810 मध्ये त्याला रस्त्यावर एक जाहिरात दिसली. जॉन टेटम नावाचे एक गृहस्थ स्वतःच्या घरी विज्ञानावर व्याख्यानं देत. प्रवेश एक शिलिंग. हा शिलिंग दिला मायकलच्या थोरल्या भावाने, रॉबर्टने. तोही बापासारखा लोहारच. त्याच वर्षी वडील गेले, तरी भावाने हात आखडला नाही. वीज, प्रकाश, यंत्रशास्त्र, रसायन, भूगर्भ, खगोल अशा नाना विषयांवरची व्याख्यानं मायकलने ऐकली आणि प्रत्येकाच्या नोट्स काढल्या. उपकरणांच्या आकृत्या नीट जमेनात, तेव्हा रीबोच्या घरात भाड्याने राहणाऱ्या मास्केरिए नावाच्या चित्रकाराकडून तो यथार्थदर्शनाची चित्रकला शिकला. त्या बदल्यात त्याने चित्रकाराची खोली झाडली आणि बूट पुसले असं सांगतात. मग या सगळ्या नोट्स स्वच्छ अक्षरात उतरवून, आकृत्या घालून त्याने चार खंडांत स्वतःच बांधल्या आणि रीबोला अर्पण केल्या.

खरी कलाटणी मिळते ती इथे. रीबोला आपल्या पोराचं भारी कौतुक. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो त्या वह्या काढून दाखवायचा. त्या डान्स आडनावाच्या एका घरात पोचल्या आणि थोरल्या डान्ससाहेबांनी खूश होऊन मायकलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. व्याख्याते होते हम्फ्री डेव्ही, त्या काळचे सगळ्यात नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या व्याख्यानाला लंडनची उंची मंडळी बग्गीतून यायची. 1812 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुस्तकबांधणीवाला एक पोरगा वर गॅलरीत, घड्याळाच्या वरच्या बाजूला बसून ती चारही व्याख्यानं ऐकत होता. मांडीवर कागद, हातात पेन्सिल.

त्याची नोट्स काढायची पद्धत बघण्यासारखी आहे. व्याख्यान चालू असताना तो सगळं उतरवायच्या फंदात पडायचा नाही. फक्त मुद्दे आणि महत्त्वाचे शब्द टिपायचा. घरी आल्यावर डोक्यात ताजं असतानाच त्यावरून जरा सविस्तर दुसरी टिपणं काढायची. त्यांच्या आधाराने अख्खं व्याख्यान कच्चं लिहायचं, आणि शेवटी आकृत्यांसह पक्की प्रत. म्हणजे एकच व्याख्यान चार वेळा मनातून जायचं. आज आपण फळ्याचा फोटो काढतो आणि शिकलो असं समजतो. फोटोत फळा येतो. डोक्यात काय येतं, हा वेगळा प्रश्न.

ऑक्टोबर 1812 मध्ये उमेदवारीची सात वर्षं संपली. मायकल आता दुसऱ्या मालकाकडे पगारी कारागीर झाला, पण तिथे जीव रमेना. पोटापुरतं मिळत होतं, पण हे आयुष्यभर असंच चालणार का? विज्ञानात कसलंही, अगदी बाटल्या धुण्याचं काम मिळालं तरी त्याला चालणार होतं. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना त्याने पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग डिसेंबरात त्याने धीर करून डेव्हींनाच लिहिलं आणि सोबत एक पुस्तक पाठवलं. डेव्हींच्याच चार व्याख्यानांच्या नोट्स, तीनशेहून जास्त पानं, आकृत्या काढलेल्या आणि स्वतःच्या हाताने बांधलेल्या. लोहाराच्या मुलाकडे ना पदवी, ना शिफारस, ना घराणं. सगळं प्रमाणपत्र त्या एका वहीत होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी डेव्हींचं उत्तर आलं. पुढच्या महिन्यात भेटही झाली. डेव्हींनी त्याला आपुलकीने सल्ला दिला, की बाबा रे, पुस्तकबांधणीच बरी, ती सोडू नकोस. इथे एखाद्याने आशा सोडली असती. पण थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतल्या मदतनीसाला मारामारीमुळे काढून टाकलं गेलं. एका रात्री मायकल झोपायच्या तयारीत असताना दारात बग्गी थांबली आणि डेव्हींची चिठ्ठी आली. 1 मार्च 1813 रोजी नेमणूक झाली. आठवड्याला 25 शिलिंग पगार, माळ्यावरच्या दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या.

पुढचं सगळं सरळ झालं असं मात्र नाही. त्याच वर्षी डेव्ही दांपत्याबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. डेव्हींच्या गड्याने ऐनवेळी नकार दिल्यामुळे मदतनीसाबरोबर गड्याचं कामही याच्याच गळ्यात पडलं, आणि लेडी डेव्ही त्याला नोकराच्याच पायरीवर ठेवत. परत निघून जावं असं त्याच्या मनात अनेकदा आलं. पण पॅरिसमध्ये अँपिअर भेटले, मिलानमध्ये म्हातारे व्होल्टा भेटले आणि रोजनिशीची पानं भरत राहिली. अपमान गिळून तो जणू युरोपच्या विद्यापीठात नोट्स काढत फिरत होता.

1821 मध्ये सारा बर्नार्डशी त्याचं लग्न झालं. दोघंही सँडेमानियन नावाच्या छोट्या ख्रिस्ती पंथाचे. साधी राहणी आणि पैशाचा, मानाचा हव्यास नको, ही शिकवण त्याने शेवटपर्यंत पाळली. त्याच वर्षी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरवून दाखवून त्याने विजेच्या मोटारीचं मूळ शोधलं. त्यावरून कल्पना चोरल्याची कुजबुज झाली. पुढे रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्याचं नाव आलं, तेव्हा विरोध केला तो खुद्द डेव्हींनी. ज्यांच्या शब्दांची त्याने वही बांधली होती, तेच आडवे आले. तरी 1824 मध्ये तो निवडून आला आणि डेव्हींबद्दलची कृतज्ञता त्याने कधी सोडली नाही.

29 ऑगस्ट 1831 ला लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारा गुंडाळून त्याने एका बाजूची वीज जोडली आणि तोडली. त्या क्षणी दुसऱ्या बाजूच्या तारेजवळची सुई हलली. कड्याची आकृती त्याच दिवशी वहीत उतरली. ऑक्टोबरात तारेच्या गुंडाळीत चुंबक आतबाहेर सरकवूनही वीज निर्माण झाली. आज घराघरात येणारी बहुतेक वीज याच तत्त्वावर तयार होते.

पुढच्या वर्षापासून त्याने प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना ओळीने आकडे द्यायला सुरुवात केली. हे आकडे शेवटी सोळा हजारांच्या पुढे गेले. फसलेले प्रयोगही त्याच शिस्तीत लिहिलेले. एवढ्या शिस्तीची गरज काय, असं वाटेल. तर 1839 च्या सुमारास त्याची तब्येत ढासळली. चक्कर यायची आणि स्मरणशक्ती दगा द्यायची. विसरायला लागलेल्या माणसाला काल काय केलं हे सांगणारी एकच जागा उरली, ती म्हणजे वही. काही वर्षं विश्रांती घेऊन तो पुन्हा उभा राहिला आणि 1845 मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्याने दाखवून दिलं.

गणित त्याला येत नव्हतं. चुंबकाभोवतीच्या बलरेषा त्याने लोखंडाच्या किसातून पाहिल्या आणि शब्दांत, चित्रांत मांडल्या. त्या चित्रांना गणिताची भाषा दिली ती जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने. म्हणजे फॅरेडेच्या नोट्स शेवटी दुसऱ्या एका हुशार मुलाच्या कामी आल्या.

सर हा किताब त्याने नाकारला, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. मुलांसाठीची नाताळची व्याख्यानं मात्र 19 वेळा आनंदाने दिली. नोट्स काढणारा मुलगा आता अशी व्याख्यानं देत होता, ज्यांच्या नोट्स इतरांनी काढाव्यात.

20 जून 1862 ला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो शेवटचं व्याख्यान द्यायला उभा राहिला. विषय होता गॅसच्या भट्ट्यांचा. आता आठवत नाही, म्हणून निरोप घेतो, हे सांगायचं त्याने टिपणांत आधीच लिहून आणलं होतं. व्याख्यान चालू असताना ती टिपणंच चुकून जळाली. नोट्स नसताना त्याने सभेचा निरोप घेतला.

25 ऑगस्ट 1867 ला हॅम्प्टन कोर्ट इथल्या घरी त्याचं निधन झालं. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्याची साधी कबर आहे. आणि डेव्हींना पाठवलेली ती वही? ती रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेली आहे. दोनशे वर्षं झाली, पानं सुटलेली नाहीत. बांधणी पक्की होती.